बंपरवरचा पोचा

तन्मय शेवाळकरनं गाडी घेतली तेव्हा आईनं फोनवर विचारलं होतं, "एकट्या जिवाला एवढी गाडी कशाला रे?" तन्मयनं तिला ॲव्हरेज, रीसेल व्हॅल्यू असलं बरंच काही ऐकवलं. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली. चेन्नईत ओळखी होतील, सुट्टीच्या दिवशी चौघं मिळून समुद्रावर जाऊ, असं त्याच्या डोक्यात होतं. गाडी जुनी होती, पण लालभडक आणि तोऱ्यातली. मागच्या सीटवर आजपर्यंत भाजीची पिशवी सोडली तर कुणीही बसलं नव्हतं.

तो श्रीपेरुंबुदूरच्या एका कार कारखान्यात रंग तपासायचा. नुकत्याच रंगवलेल्या गाड्या पांढऱ्याफेक दिव्यांखालून सरकत यायच्या, हा हातमोजा घालून पत्र्यावरून तळवा फिरवायचा, खोट लागली की तिथे खूण करायचा आणि पुढचा माणूस ती घासून काढायचा. या कामाला तोंड लागत नाही. कंपनीच्या बसमध्ये जो तो झोपलेला. आवडी या उपनगरातल्या खोलीवर आलं की खोली आणि तो. कित्येकदा दिवस मावळेपर्यंत आपण एक अख्खं वाक्य बोललेलो नाही, हे त्याच्या लक्षात यायचं आणि मग तो उगाचच पंख्याला शिव्या द्यायचा.

त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर विजयकुमार राव राहायचे. तंजावरकडचे मराठी, इथल्याच संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे. एकदा तन्मय जिन्यात आईशी फोनवर बोलत होता, तर हे वरून उतरता उतरता थबकले. "तूं मराठी की रे, तंबी!" म्हणाले. तंबी, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. ती जुनाट, तमिळ हेल काढणारी मराठी ऐकून तन्मयला आधी हसू आलं आणि मग फोनवर आई आहे हेच तो विसरला. "एक दिवस घरास ये. कॉफी पिऊं," राव म्हणाले आणि गेले.

आता दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी बेल वाजवून मोकळा झाला असता. पण आमचा तन्मय पडला भिडस्त. 'एक दिवस' म्हणजे नेमका कोणता, याची तो वाट पाहत बसला. काही महिने गेले. त्या दारावरून जाताना तो मुद्दाम पावलं संथ टाकायचा, किल्ल्या वाजवायचा. दार काही उघडलं नाही.

आणि एका रविवारी सकाळी त्यानं रावांचीच गाडी घासली.

इमारतीखालचं पार्किंग म्हणजे एक शिक्षाच होती. खांब असे उभे केलेले, की बांधणाऱ्यानं उभ्या जन्मात गाडी वळवली नसावी. डावीकडचा खांब चुकवण्याच्या नादात तन्मयनं रिव्हर्स घेतला आणि उजवीकडे कर्रर्र झालं. रावांच्या चंदेरी गाडीच्या पुढच्या दारावर लाल फराटा उमटला. अख्ख्या शहरात आपल्याशी मराठीत बोललेला एकच माणूस, आणि त्याच्याच गाडीला आपण ओरबाडलं! आता कसली कॉफी?

राव कोईंबतूरला मुलीकडे गेलेत, आठवड्याभरानं येतील, असं वॉचमननं सांगितलं. नंबर त्याच्याकडेही नव्हता. तन्मयनं ठरवलं, ते यायच्या आत दार पहिल्यासारखं करायचं आणि मग समोर जाऊन कबूल करायचं. नुसती माफी मागण्यापेक्षा हातात काहीतरी असलेलं बरं.

काम त्याच्या हातचं होतं. आधी शाम्पूच्या पाण्यानं दार धुऊन घेतलं, कारण धुळीसकट घासलं तर एका ओरखड्याचे दहा होतात. फडक्याला जेमतेम थिनर लावून लाल रंग उतरवला. मग नख फिरवून पाहिलं. नख अडलं नाही तर ओरखडा वरच्या वर असतो, अडलं तर रंग भरावा लागतो. एके ठिकाणी अडलं. तिथे भोवती टेप चिकटवून त्यानं बारीक ब्रशनं रंगाचे पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळू दिला, साबणाच्या पाण्यात भिजवलेला अगदी मऊ पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला आणि शेवटी रबिंग कंपाउंड लावून दार चकचकीत केलं.

इथे थांबायला हवं होतं. पण एक दार चमकायला लागलं की बाकीची गाडी कळकट दिसते, आणि ज्याची उभी हयात खोट शोधण्यात चालली त्याच्या हाताला तर खाजच सुटते. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरं दार घेतलं. मग पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा. मग मागच्या दारावरची एक लांबलचक जुनी रेघ. मागच्या बंपरला ताटलीएवढा पोचा होता. त्यावर त्यानं किटलीभर कढत पाणी ओतलं, हात आतून घालून दाबलं, तर टप्पकन बाहेर आला. तन्मय स्वतःशीच हसला. काकांना किती आनंद होईल! त्या आठवड्यात तो पंख्याशी एकदाही भांडला नाही.

राव आले त्या सकाळी तो खालीच उभा होता. "काका, माझ्याकडून तुमच्या गाडीला घासलं गेलं," त्यानं एका दमात सांगून टाकलं. "पण मी सगळं नीट केलंय. बघा."

रावांनी चष्मा सारखा केला. गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली. "हें अस्कें, सगळं, तूं केलास?" म्हणाले. मग मागे जाऊन वाकले आणि बंपरवर तळवा ठेवला. तळवा इकडे सरकला, तिकडे सरकला.

"हिंगे एक पोचा होता," ते म्हणाले. हिंगे, म्हणजे इथे.

"तोही काढला, काका! गरम पाण्यानं."

रावांनी तळवा उचलला नाही. "अंबुजानं केलेला तो," ते म्हणाले. "माझी बायको. म्हातारपणीं गाडी शिकली. पहिल्या दिवशींच खांबावर घातली आणि हसत बसली. दारावरची रेघ तिचीच. ती गेल्यावर मी रोज सकाळीं खाली येऊन हिंगे हात ठेवीत होतों."

तन्मयला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं. राव सरळ झाले, त्याच्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला. "तुज कसं ठाऊक असणार? सरी, असूं दे. वर ये. कॉफी घे."

म्हणजे ती कॉफी अखेर मिळाली. तन्मय संध्याकाळपर्यंत तिथे होता. राव बोलत होते, अंबुजाबाईंच्या चुका, त्यांचं हसणं, त्यांनी तोडलेला क्लच. तन्मयही बोलला, घरचं, कारखान्यातलं, कुणालाच न सांगितलेलं. निघताना राव म्हणाले, "उद्याही ये." तो रोज गेला. ते दिवस त्याच्या चेन्नईतले सगळ्यात सुखाचे होते.

मग एका संध्याकाळी पेला खाली ठेवत राव म्हणाले, "कोईंबतूरची माझी लेक, वाणी, कधींची म्हणते, अप्पा, गाडी विका, घर सोडा, हिंगे या. मज होत नव्हतं. तिच्या खुणा परक्याच्या हातीं कशा देऊं? आतां ती नुस्ती गाडी आहे. नुस्ती गाडी विकूं येते." ते हे कृतज्ञतेनं म्हणाले, तेच तन्मयच्या जिव्हारी लागलं.

गिऱ्हाईक पूनामल्लीहून आलं. संशयी माणूस होता. गाडीखाली वाकून पाहिलं, दारं आपटून पाहिली, तरी त्याचं मन घेईना. अखेर राव तमिळमध्ये म्हणाले, "हा मुलगा गाड्यांच्या कंपनीत तपासणीला आहे. काही खोट असेल तर हाच सांगेल." गिऱ्हाईक तन्मयकडे वळलं.

एक शब्द पुरला असता. आतून गंज आहे, एवढं पुटपुटला असता तरी तो माणूस आल्या पावली परत गेला असता, आणि संध्याकाळी राव घरी असते. तन्मयनं हातमोजा नसलेला तळवा बॉनेटवर ठेवला आणि पार मागच्या बंपरपर्यंत फिरवत नेला. नोकरीला लागल्यापासून त्यानं इतक्या आशेनं खोट कधी शोधली नव्हती. एखादा फुगवटा, एखादा खडबडीत ठिपका, काहीही चाललं असतं. त्यानं दुसऱ्यांदा तळवा फिरवला. राव शांतपणे उभे होते. तो काय सांगेल याची त्यांना धास्ती नव्हती, इतका त्याच्यावर भरवसा होता.

"ओन्नुमे इल्ले, सार," तन्मय म्हणाला. काहीसुद्धा नाही. आणि ते खरं होतं.