महानंदा मॅडमची ओंजळ

वैशाखात नांदेडची दुपार गोदाकाठच्या दगडांनाही मुकं करते. अशा दुपारी आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात एकच खोली अशी होती, जिथला पंखा बंद असे. आतून एक संथ, गोल आवाज येई. जात्यासारखा, पण जात्याहून हलका. महानंदा मॅडम पातळ काप काढायच्या यंत्राचं चाक फिरवत असत. प्रत्येक फेऱ्याला मेणाचा एक पातळ पापुद्रा सुटे, त्याला पुढचा चिकटे, आणि त्यांची फीत कुंचल्याच्या टोकावर लोंबू लागे. त्या मेणात उंदराच्या गर्भाचा मेंदू असे, तांदळाच्या दाण्याएवढा. पंख्याचं तर सोडाच, समोरच्या माणसाच्या श्वासानंही ती फीत उडून जाई. म्हणून त्या खोलीत शिरताना आम्ही मुली आपोआप श्वास आवरून घ्यायचो. आणि आजही मॅडमची आठवण निघाली, की आधी माझा श्वास हळू होतो, मग त्यांचा चेहरा दिसतो.

त्या निलंग्याच्या. घरी किराण्याचं दुकान, शिवाची भक्ती आणि सीमेवरच्या माणसांची ती दोन भाषांत टेकून बसणारी बोली. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी. ज्या दिवशी उंदराची गाभण मादी कापायला घ्यायची असे, त्या दिवशी त्या ती पेटी क्षणभर मुठीत धरत आणि मगच हातमोजे चढवत. त्या मुठीला श्रद्धा म्हणावं की शरम, हे मला कधी ठरवता आलं नाही, आणि त्यांनी ते कधी सांगितलंही नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात भानामतीविरुद्ध, अंगाऱ्याविरुद्ध, ग्रहणाच्या भीतीविरुद्ध पत्रकं वाटत, आणि म्हणूनच त्यांनी माझं नाव क्रांती ठेवलं. उरलेली पत्रकं आई डब्यांखाली अंथरायची. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात विवेकाचा सगळा मजकूर हजर होता, फक्त तुरीच्या डाळीखाली.

मॅडमनी मला पहिल्यांदा जे खरोखर दाखवलं, तो एक जांभळा रंग होता. औषधात बुडवून अंधारात ठेवलेल्या काचपट्टीवर तो हळूहळू उमटे, जांभळाच्या फळावर चढत जावा तसा. आणि जिथे तो उमटे तिथे त्या घटकेला एक विशिष्ट जनुक जागं होतं, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण प्रत्येक पेशी ती सगळी वाचत नाही. मला ते छापखान्यावरून समजलं: खिळे सगळेच हाताशी, पानावर मात्र त्या दिवसाचाच मजकूर. गर्भाच्या पुढच्या कडेला एक जनुक जागं होई, मागच्या बाजूला दुसरं, मधल्या रेषेवर तिसरं. आपल्या वेळेला बोलून ती गप्प होत, आणि त्या क्षणभराच्या बोलण्यांतून एक सपाट पापुद्रा वाकत, वळत, मिटत मेंदू होई. मी वर्गात हात उंचावून वाद घालू लागले, की मॅडम भिंगावरून डोळे न उचलता म्हणत, "जनुक मोठ्यानं बोलत नाही, क्रांतीबाई. वेळेवर बोलतं."

माझ्या वहिनीचं पहिलं लेकरू कवटी पुरती न भरताच जन्मलं आणि दिवस मावळायच्या आत गेलं. त्याआधी, वहिनी गरोदर असताना, दिवाळीत सूर्यग्रहण लागलं होतं आणि तिनं त्या वेळी काकडी चिरली होती. आई त्यावर तेव्हा एकदाच बोलली. पण एकदा बोललेलं वाक्यही घराच्या भिंतीत मुरतं. वहिनीनं विळीवर बसणं सोडलं आणि तिची झोप गेली. काही वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासूनच सुरू केल्या होत्या, तपासणीत बाळाचं डोकं नीट दिसलं होतं, तरी झोप परतली नाही. कारण शिमग्याच्या पुनवेला पुन्हा ग्रहण येत होतं.

मी पत्रक लिहिलं. ग्रहण लागताच वहिनीनं अंगणात, सगळ्या गल्लीदेखत काकडी चिरावी, असं मी ठरवून टाकलं होतं. मजकूर तपासायला मॅडमकडे नेला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"सगळं खरंय. पण तिच्या पोटावर तुझी सभा भरवू नको."

"मग काय, गप्प बसू?"

"न्हाई. मी येते."

एका रविवारी त्या आल्या. नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड, एसटीची धूळ पदरावर घेऊन. आईनं चहा दिला आणि त्यांना जरा निरखून माझ्याकडे वळली, "बघ गं, किती हळू बोलतात मॅडम. तू तोंड उघडलंस की कोंबड्या पळतात." मग तिनं वहिनीसमोरच विषय काढला. "गरणात काकडी चिरली हिनं. म्या सांगितलं व्हतं."

"अव्वा, कितवा महिना होता तेव्हा?" मॅडमनी आईला विचारलं.

"पाचवा."

मॅडमनी दोन्ही तळहात शेजारी शेजारी सपाट ठेवले. मग बाहेरच्या कडा उचलल्या, ओंजळ झाली. कडा आणखी जवळ आल्या, आणि बोटांकडे एवढीशी फट ठेवून ओंजळ मिटली. खिडकीतलं ऊन त्या फटीत उभं राहिलं.

"मेंदू आधी असा सपाट असतो. मग मिटतो. कुणाचा एका टोकाला उघडा राहतो, तसं हिच्या लेकराचं झालं. पण हे मिटणं पहिल्या महिन्यातच होऊन जातं, अव्वा. पुष्कळदा बाईला स्वतःला कळायच्याही आत. हिनं विळी घेतली तेव्हा ते होऊन गेलेलं होतं."

"मग झालं कशानं?"

"कशानं झालं, ते मला सांगता येत न्हाई. कधी झालं, ते सांगता येतंय."

वहिनी त्या फटीकडे बघत होती. "पर ते पोटात हालत व्हतं, मॅडम."

"हालणारच की. तुझंच लेकरू होतं ते."

त्या मुलाला आमच्या घरात तोवर कुणी लेकरू म्हटलं नव्हतं. त्याच्या जागी नेहमी काकडी असायची. मॅडमनी हात खाली घेतले, चहा संपवला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

शिमग्याला दुपारपासून आईनं तिचे नेम पाळले. पाण्यात तुळशीचं पान टाकलं, विळी फळीवर ठेवली, वहिनीला भिंतीशी बसवलं. मी माझं पत्रक पिशवीतून बाहेर काढलं नाही. आणि बसल्या बसल्या वहिनीचा डोळा लागला. ग्रहणात गरोदर बाईनं झोपू नये, हा तर चिरण्याइतकाच कडक नेम. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "अवं, सुनंला उठवा की. गरण लागलंय." आई पदरानं तिला वारा घालत होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लई दिसानं निजली."

चंद्र ग्रासलेलाच उगवला, शेजारच्या गच्चीआडून वर आला, उजळत गेला. वहिनी झोपलेलीच होती, तळहात मांडीवर शेजारी शेजारी, अर्धे मिटलेले.

तिची मुलगी आता रांगते. मॅडम निवृत्त होऊन निलंग्याला गेल्या. त्या खोलीत आता पंखा फिरतो आणि चाकावर प्लास्टिकचं झाकण आहे. मी अजूनही पत्रकं लिहिते, लिहीत राहणार आहे. फक्त ती लिहिताना पंखा बंद करते. गर्भात एखादं जनुक आपल्या वेळेला बोलतं आणि गप्प होतं, पुढे शोधायला जावं तर त्याचा आवाज कुठेच सापडत नाही, पण त्यानं घातलेली घडी आयुष्यभर राहते. माणसं निघून गेल्यावर आपल्यात जे उरतं, ते बहुधा त्यांचं बोलणं नसतं. ती बोलली त्या घटकेला आपण कुठे वळलो, कुठे मिटलो, तेवढंच काळ आपल्यापाशी ठेवतो.