ओट्यावरची घंटी

"चपला काढ. की तेवढाही मान ठेवायचा नाही या घराचा?" सहदेव खुर्चीतून न उठता म्हणाला.

"घराचा ठेवतो. तुझा नाही," म्हणत दामाजीने चपला काढल्या आणि हत्यारांची पिशवी घेऊन तो फरशीवर बसला.

सत्तावीस वर्षांनी हा धाकटा भाऊ डोंबिवलीहून बाळकुमच्या घरी आला होता, आणि तोही थोरल्याला खोटं पाडायला. पुढच्या महिन्यात हे घर पाडायचं होतं. माळा आवरताना फोनच्या घंटीची लाकडी पेटी सापडली आणि ती भंगारात जाणार, हे कळव्याच्या एका हळदीत भागीरथी वहिनीने त्याला सांगितलं. "फेकण्याआधी एकदा दादासमोर वाजवून दाखवू दे," एवढंच तो म्हणाला.

भांडण आईवरून. आई दामाजीकडे राहायची, सत्तावीस वर्षांपूर्वी दसऱ्याला सकाळी तिथेच वारली. दामाजी सांगायचा, मी बारा वेळा फोन लावला, रिंग जात होती, कुणी उचलला नाही. सहदेव सांगायचा, दिवसभर मी ओट्यावर होतो, घंटी वाजलीच नाही. दिवेलागणीला निरोप घेऊन माणूस आला तेव्हा डोंबिवलीत सगळं उरकलं होतं. थोरल्याला आईचं तोंडही दिसलं नाही. त्याच महिन्यात त्याने फोन परत केला आणि पेटी माळ्यावर टाकली.

"हिच्यात बिघाड नव्हता," पेटीचं झाकण काढत दामाजी म्हणाला. "त्या काळ्या फोनच्या पोटात घंटी नव्हती, म्हणून ही वेगळी पेटी मी स्वतः ओट्यावर ठोकलेली. टेलिफोन खात्यात तीस वर्षं हेच केलं. खाडीवर जाळं विणणाऱ्यालासुद्धा ऐकू जायची."

"तोंड कमी चालव, हात चालव."

उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. दामाजीने जुन्या सोलून काढल्या, कॉइलची दोन टोकं घासली, नवा कंडेन्सर लावला, सोल्डरचा धूर नाकात गेला तसा खोकला. भागीरथीने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो बाजूला सरकवला. मग त्याने पिशवीतून हाताने फिरवून करंट काढायचा जुना डबा काढला, वायरी जोडल्या आणि हँडल फिरवलं.

पेटी नुसती घुरघुरली.

"वाजली का रे?" सहदेवने कानाला हात लावला. "नाही, मला खोटं बोलायची सवय ना, म्हणून विचारतो."

दामाजीने जोड तपासले, पुन्हा फिरवलं. पुन्हा घुरघुर. करंट तर पोचत होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि पेटीच्या वरच्या बाजूला टॉर्च मारला. टाळाच्या जोडीसारख्या दोन पितळी वाट्या, मध्ये बारकी हातोडी. हातोडीला आणि वाट्यांना मिळून काहीतरी गुंडाळलेलं. कॉइलचाच दोरा असावा, असं मघाशी त्याला वाटलं होतं. तेलाने काळा पडलेला. एका वळशात तांदळाचा दाणा.

"हे काय?"

भागीरथी वाकली. तिने बोटाने दोरा चाचपला.

"माझा पूजेचा नाडा आहे, भावोजी," ती म्हणाली. "त्या वर्षी खंडेनवमीला मी बांधला. कोयता, विळी, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. सासूबाईंनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं, घंटीची पण पूजा कर गं, ते माझ्या दामाजीचं हत्यार. आणि नाडा कापायचा नाही, आपणहून गळू द्यायचा."

खंडेनवमीच्या दुसऱ्याच दिवशी दसरा. तो हिशेब कुणालाच मोठ्याने मांडावा लागला नाही.

दामाजीने कटर उचलला. भागीरथीने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि नखांनी गाठ सोडवायला बसली.

"म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास," दामाजी म्हणाला.

"तू तरी कुठे बोलत होतास," सहदेव म्हणाला. "पण एक सांग. फोन कुणी उचलत नाही म्हटल्यावर सकाळीच माणूस का नाही धाडलास? डोंबिवली काय काशीला आहे?"

दामाजीने सोल्डरची तार बोटाला गुंडाळली, सोडली.

"राग आला होता. म्हटलं, नसेल यायचं त्याला. मीच देतो अग्नी. सगळं झाल्यावर धाडला माणूस."

"हे सत्तावीस वर्षं नाही सांगितलंस."

"नाही."

नाडा सुटला. भागीरथीने तो पदरात घेतला. सहदेव पहिल्यांदाच खुर्चीतून उठला आणि गुडघा धरत पेटीसमोर बसला.

"फिरव."

दामाजीने हँडल फिरवलं. दोन्ही वाट्या खणखणल्या; शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

"परत."

सहदेव बोटांच्या पेरांवर घंट्या मोजत होता. सहाव्यापर्यंत दामाजीचा हात भरून आला, पण तो थांबला नाही. बारावी घंटी विरेपर्यंत सहदेव खाली मान घालून बसून राहिला.

"ऐकलं," तो म्हणाला. "आता जा."