रुमालाखालचा सौदा

आमचे हे लसणाचे दलाल. या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. जन्मभर तेच केलं, त्यामुळे घरातही यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे विहीर उपसणं.

सरकारने आयातीवरचा कर उठवला आणि बाहेरचा लसूण आला, पांढराशुभ्र, निम्म्या भावात. इथल्या लसणाला कुत्रंही विचारेना. शेतं ओस पडली, तरणी पोरं बंदुका घेऊन डोंगरात गेली आणि बाहेरच्या मालाचे ट्रक वाटेत जळायला लागले. तसलाच एक ट्रक आमचा जावई चालवायचा आणि तोच माल हे विकायचे. पोट कुणाला चुकलंय? लेक-जावई आमच्याकडेच राहायचे. तो घरी येईपर्यंत माझा मेला जीव थाऱ्यावर नसायचा. तो कधी येणार, कुठल्या वाटेने येणार, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी मी सगळ्यांना तंबी दिली होती.

त्या दुपारी यांचा डबा घेऊन गेले. बाजारात चिटपाखरू नव्हतं. माझ्याच चपलांचा आवाज मागून कुणी येतंय असा वाटत होता, दोनदा वळून पाहिलं. यांच्यासमोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, दोघांचे हात रुमालाखाली. कित्येक महिन्यांनी यांच्या चेहऱ्यावर तजेला दिसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माणूस चांगल्या कपड्यांतला होता. चेहरा मात्र आता कितीही आठवला तरी आठवत नाही.

सौदा ठरला. सौदा ठरला की दलालाने माल कधी, कुठून येतोय ते गिऱ्हाइकाला सांगायचं, ही इथली रीत. त्याने विचारलं आणि यांनी सवयीने सांगून टाकलं, उद्या सकाळी, जुन्या पुलावरून. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, त्याने एक पाकळी फोडून वाससुद्धा घेतला नाही."

हे रुमालाची घडी घालत होते, ते थांबले. "हात फार गार होता गं त्याचा," म्हणाले. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं.

जावयाला फोन लावून लावून बोटं दुखली. डोंगरातल्या वाटेवर फोन लागतच नाही. पहाटे हे मोटरसायकल काढून पुलाकडे निघाले. लेकीला मी काही बोलले नाही. कुठल्या तोंडाने सांगणार, की तुझ्या बापाने तुझ्या नवऱ्याची वाट परक्याला दाखवली? ती नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी तापवत होती.

ऊन वर आलं तेव्हा दार वाजलं. तीच उघडायला गेली आणि हातात पाकीट घेऊन हसत आत आली.

"आई, बाबांचा धंदा सुरू झाला वाटतं. एक जण दलाली देऊन गेला. माल पोचला म्हणाला."