फ्रीजमधला पंखा आणि सगुणाकाकींचा फोन

शनिवारी सकाळी नम्रताने बर्फाचा ट्रे बाहेर ओढला आणि त्यातलं पाणी भसकन तिच्या पायांवर सांडलं. पाणी! काल संध्याकाळपासून वरच्या कप्प्यात ठेवलेलं, आणि अजून पाणीच.

उद्या मृणालीचा पहिला वाढदिवस. केक काय, पेणच्या रामवाडीत कुणीही आणतं. पण नम्रताने अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं, "घरचं आइस्क्रीम करणार!" आटवलेलं दूध पातेल्यात तयार होतं. फ्रीज येऊन तीनच आठवडे झाले होते. हरेशदादाने, तिच्या कारखान्यात फिटर असलेल्या थोरल्या भावाने, भाचीसाठी म्हणून रोह्याहून धाडलेला. बर्फाचे थर न साचणारा, पंख्याने गार हवा फिरवणारा, नव्या तऱ्हेचा. सत्त्याण्णव साली आळीत तसा दुसरा नव्हता. दार उघडलं की शेजारणी आतल्या गारव्यासाठी तोंड पुढे करून उभ्या राहायच्या.

आणि आता तो गारवाच गेलेला. मिथुन, तिचा नवरा, कामावर जाताना बजावून गेला होता, "आज सुरू नाय झाला तर सोमवारी गुणाजीच्या टेंपोत घालतो न् रोह्याला परत धाडतो. दुकानदार बघंल काय ते." गुणाजीला सांगूनही झालं होतं. भावाची आळीभर मिरवलेली भेट, दोरखंडाने बांधून, सगळ्यांच्या देखत टेंपोत चढते आहे, हे चित्र काही केल्या नम्रताच्या डोळ्यांसमोरून हलेना. सासूबाईंचंही काही कळत नव्हतं. इंदुबाई एरवी दिवसातून दहादा फ्रीज पुसायच्या. आज मृणालीला कडेवर घेऊन त्या फ्रीजपासून चार हात लांबूनच फिरत होत्या.

फोन होता शेजारी, सगुणाकाकींकडे. त्यांची खिडकी नम्रताच्या स्वयंपाकघरासमोर, आमटीची वाटी हात लांबवून देता यावी इतक्या अंतरावर. फोनची वायर तेवढ्या खिडकीपर्यंत पोचायची. म्हणून नम्रता फ्रीजपाशी, काकी खिडकीत आणि हरेशदादा रोह्याच्या बूथवर, असा दवाखाना सुरू झाला.

"बोल रे हरेश!" काकी अशा ओरडल्या की रोह्याला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. "नम्रता, तो म्हणतो अडीचची शिफ्ट हाय, लवकर आटपा. फ्रीजात दिवा लागतो काय गो?"

"लागतो!"

"लागतो रे! ...मग दाराचं बटण दाब म्हणतो."

नम्रता फ्रीजचं दार चाचपू लागली. तेवढ्यात इंदुबाई लगबगीने पुढच्या दाराशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं. डिंगडाँग! मृणालीने टाळ्या पिटल्या.

"वाजली!" इंदुबाई तिकडून ओरडल्या.

"वाजली रे!" काकींनी रोह्याला कळवलं. मग रिसिव्हर कानाला घट्ट लावला. "विचारतोय, काय वाजली?"

घंटीचं प्रकरण मिटायला पाच मिनिटं गेली, कारण मृणालीला आता पुन्हापुन्हा डिंगडाँग हवं होतं. शेवटी उलगडा झाला. दार उघडलं की पंखा आपोआप थांबतो. चौकटीत वरच्या बाजूला छोटं पांढरं बटण असतं, ते बोटाने दाबून धरलं की फ्रीजला वाटतं दार लागलं, आणि पंखा फिरायला लागतो. नम्रताने दाबून धरलं आणि कान लावला.

"आवाज कसा येतो विचारतोय!"

"घूंऽऽ... टक्. घूंऽऽ... टक्."

काकींनी तो आवाज रिसिव्हरमध्ये काढून दाखवला. त्यात घूं म्हशीचं होतं आणि टक् अडकित्त्याचं. पण फिटर तो फिटरच, हरेशदादाला बरोबर कळलं.

"म्हणतो, मोटर चांगली हाय! पात्यात कायतरी गुतलंय. प्लग काढ न् आतली मागची जाळी उघड. दोनच स्क्रू हायत."

"नको!" इंदुबाई एकदम म्हणाल्या. "कंपनीनं बंद केलेलं कशाला उघडायचं? करंट बसंल."

"प्लग काढलाय की, आई."

"तरी पन. पोरीला भूक लागलीय बघ."

पोरीच्या दोन्ही हातांत बिस्किटं होती आणि तिसरं तोंडात.

नम्रताने स्क्रू फिरवले, जाळी अलगद ओढली. पंख्याच्या दांड्यावर लाल दोरा गच्च गुंडाळला होता. दोऱ्याच्या टोकाला काळ्या चिंधीची पुडी, ओली, फाटलेली. आत खडं मीठ, दोन लाल मिरच्या, आणि मोहरी तर सगळीकडे सांडलेली.

तिने पुडीकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. सासूबाई कॅलेंडर वाचत होत्या.

"आई, हे..."

"हळू बोल गो!" इंदुबाई जवळ येऊन कुजबुजल्या. "ही सगुणा त्या दिवशी हात फिरवून फिरवून म्हणाली, कसा बगळ्यावानी पांढरा हाय! तुझ्या भावानं एवढ्या मायेनं दिलेली वस्तू, नजर लागली तर? आपल्या मिठागराचं मीठ हाय ते. कुनाला दिसू नये म्हणून आत जाळीच्या फटीत सारलं."

म्हणजे तीन आठवडे या फ्रीजवर सगळ्यात जास्त जीव कुणाचा होता, तर यांचा! नम्रताच्या पोटातून हसू वर यायला लागलं. ते दाबायला तिने ओठ आवळले, तर ते नाकातून बाहेर पडलं.

"काय निघालं गो?" काकींची मान खिडकीबाहेर आली.

"बर्फ!" इंदुबाई म्हणाल्या.

"पाल!" त्याच क्षणी नम्रता म्हणाली.

"हरेश, बर्फात पाल निघाली रे!" काकी ओरडल्या. "...विचारतोय, जिती हाय काय?"

मग मात्र दोघींना उभं राहवेना. सासू-सून फ्रीजला टेकून फरशीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मृणालीही हसली, कशाला ते तिचं तिला ठाऊक.

दोरा कापून काढला, पुसायचं तेवढं पुसलं, जाळी बसवली, प्लग लावला. नम्रताने बटण दाबलं आणि भुर्रर्र! गार वाऱ्यासोबत मोहरीचे चार दाणे तिच्या गालावर येऊन आदळले. दुधाचं उघडं पातेलं तिने आत सरकवलं.

"हरेश, फिरला रे पंखा! जा आता कामाला!"

रविवारी संध्याकाळी आइस्क्रीम असं जमलं की चमचा उभा राहावा. गुणाजी टेंपोवाला दोरखंड घेऊन फ्रीजचं माप बघायला आला होता. त्याच्या हातात वाटी दिली, तर दोरखंड पायाशी ठेवून तो दुसऱ्या वाटीची वाट बघत बसला. पहिली वाटी अर्थात सगुणाकाकींना दिली होती.

"दाताखाली काळं काळं काय येतंय गो?"

"वेलची," इंदुबाई डोळाही न लवता म्हणाल्या. "रोह्याची."

"तरीच वास वेगळा." काकींनी वाटी चाटून पुसली, उठून फ्रीजवर मायेने हात फिरवला. "काय पन गुणाचा फ्रीज हाय तुझा, इंदू! असा आख्ख्या पेणात नसंल."

इंदुबाई उठल्या आणि सरळ मिठाच्या बरणीकडे निघाल्या.

"आई!" मृणालीला कडेवर सावरत नम्रता मागून धावली. "बाहेरून हां! पाठीमागं, बाहेरून!"