पोटकलम चार

"कलम सात, पोटकलम तीन, पूर्णविराम," मास्तरांनी वाचलं आणि ते थांबले.

वाचता वाचता थांबणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. विधेयकांची प्रुफं तपासायच्या त्या खोलीत, मास्तर आल्यापासून एकोणीस वर्षं, एकच पद्धत होती. दोघांनी समोरासमोर बसायचं. मास्तरांनी विधी विभागाकडून दुरुस्त होऊन आलेली मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट; बाईंनी छापखान्याच्या प्रुफावर नजर ठेवायची आणि चूक दिसली की लाल खूण करायची. मास्तर कधी कुठल्या शाळेत नोकरीला नव्हते. जन्मठेपेचं कलम असो नाहीतर कुणाच्या सत्काराचा ठराव, ते वर्गात धडा वाचल्यासारखं एका सुरात वाचत, म्हणून मास्तर.

आणि बाईंच्या हाताखालून एकतीस वर्षांत एकही चूक छापून गेलेली नव्हती. याचा त्यांना चांगलाच तोरा होता. नवीन माणूस खोलीत आला की चहाच्या आधी त्याला ही हकीगत ऐकावी लागे.

"काय झालं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही. पुढं कलम आठ."

"अहो, मध्ये पोटकलम चार आहे की."

"तुमच्याकडं असेल. माझ्या प्रतीत खोडलंय. समितीनं काल सह्या केल्यात, तिघांच्या आहेत."

बाईंनी प्रुफाकडे पाहिलं. ओळ जागेवर होती. 'हे कलम, हा अधिनियम अमलात येण्यापूर्वीपासून कोठडीत असलेल्या व्यक्तींनाही लागू राहील.' छापखान्यातला माणूस ती काढायला विसरला होता, एवढंच.

विधेयकाचं नाव दीड ओळीचं होतं. सरकारी नोकरांची सचोटी, न्यायालयांतली दिरंगाई, कच्चे कैदी, सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं. त्यातलं कलम सात सांगत होतं की खटल्याचा निकाल लागायच्या आतच ज्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढला, त्याला हमीपत्रावर सोडावं. आणि पोटकलम चार सांगत होतं, की जे आज आत आहेत त्यांनाही. ते काढलं की उरत होते फक्त उद्या-परवा पकडले जाणारे. आत होते ते आतच.

बाईंचा मुलगा तीन वर्षं आठ महिने आत होता. त्याच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षं. हा हिशेब बाईंनी पहिलं प्रूफ आलं त्याच दिवशी समासात पेन्सिलीनं मांडला होता आणि लगेच खोडूनही टाकला होता.

मुलगा इमारतींची पाहणी करणाऱ्या कचेरीत कारकून होता. एका इमारतीचा जिना कोसळला, दोन माणसं गेली. त्या इमारतीची पाहणी झालेलीच नव्हती. साहेब म्हणाले, नोंदवहीत मागच्या महिन्याची तारीख घाल. त्यानं घातली. साहेब सतराव्या दिवशी जामिनावर सुटले. तारीख मुलाच्या हस्ताक्षरात होती, म्हणून मुलगा राहिला. जामीन दोनदा फेटाळला. खटला उभा राहीना. एकदा न्यायाधीशांची बदली, एकदा साक्षीदार गैरहजर, एकदा तर फाईलच सापडेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं बाईंची बहीण म्हणायची. बाईंना ते पटत नसे. त्यांचा मुलगा संन्यासी नव्हता. तारीख त्यानंच लिहिली होती.

पकडून नेलं त्या दिवशी पोलीस ठाण्यात तो रडत म्हणाला होता, "एक ओळ होती गं आई फक्त. चूक झाली."

"चूक होते म्हणजे काय?" बाई म्हणाल्या होत्या. "बघून लिहायचं असतं."

हे वाक्य त्यांना तीन वर्षं आठ महिने खात होतं. पण त्यांनी ते कधी मागं घेतलं नव्हतं.

आणि गेल्या शनिवारी त्यांनी आयुष्यात प्रथमच कचेरीचा नियम मोडला होता. विधेयक सभागृहात मांडलं जाईपर्यंत त्यातलं अक्षरही खोलीबाहेर जाऊ द्यायचं नसतं. बाईंनी तुरुंगातल्या जाळीला तोंड लावून मुलाला सांगितलं, "एक ओळ आहे. तू सुटतोस."

"नक्की?"

"मी स्वतः वाचलीय."

तो म्हणाला, "माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेव. बाहेर येताना तोच घालीन."

आता मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, आपण काही केलेलं नाही. चूक छापखान्याची. सुंठेवाचून खोकला जातोय, तर जाऊ द्या."

"उद्या सभागृहात जाईल हे."

"गेलं तर गेलं. तिथं वाचतो कोण? हात वर करतात आणि जेवायला जातात. या टेबलानंतर हा कागद कुणीही वाचत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"आणि कुणी विचारलंच तर?"

"मास्तरच्या वाचण्यात गफलत झाली म्हणा. मला चार महिने राहिलेत नोकरीचे. काय फासावर देतील?"

मास्तरांनी बाईंकडे बघायचं टाळलं आणि तांब्या उचलला. तांब्या काठोकाठ भरलेला होता. "पाणी आणतो," म्हणून ते बाहेर गेले.

ओळ चांगली होती. बाईंनी जन्मभर वाचलेल्या ओळींत इतकी चांगली ओळ क्वचितच आली असेल. ती राहिली असती तर त्यांचाच नव्हे, शेकडो जणींचे मुलगे घरी आले असते. बाईंना त्या तिघांचा, सह्या करणाऱ्यांचा, मनापासून राग आला. पण ओळ खोडायचा अधिकार त्यांचा होता, ठेवायचा अधिकार बाईंचा नव्हता. साहेबांनी सांगितलं म्हणून मुलानं तारीख घातली. आता मास्तरांनी सांगितलं म्हणून आईनं ओळ ठेवायची? मग त्या दिवशी पोलीस ठाण्यात कुठल्या तोंडानं बोलली होती ती?

त्यांनी लाल पेन उचललं. या रेघेला पट्टी लावावी लागली. एकतीस वर्षांत पट्टी त्यांना कधी लागली नव्हती. ओळीवरून रेघ मारली, समासात 'काढा' लिहिलं, खाली सही केली. मग टेबलावर डोकं ठेवून त्या रडल्या, कागद ओला होणार नाही इतका बाजूला सरकवून.

मास्तर परत आले. त्यांनी प्रूफ पाहिलं, खुर्ची ओढली, चष्मा लावला.

"कलम आठ," ते म्हणाले. पण सूर लागेना. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

शनिवारी भेटीच्या खोलीत मुलगा दाढी करून आला होता. केस ओले करून नीट बसवलेले. जाळीपलीकडे बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "झालं का गं मंजूर?"

"झालं."

"मग?"

बाईंनी रात्रभर वाक्य ठरवून ठेवलं होतं. समितीनं काढली, असं सांगायचं. पण मग तो विचारणार, तुझ्या हातूनच गेली असेल ना? त्याला त्यांचं काम लहानपणापासून माहीत होतं. शाळेतून आला की आईच्या बोटाला लाल शाई बघून तो सांगायचा, आज मोठं काम होतं वाटतं.

"ती ओळ आपल्यासाठी नव्हतीच," बाई म्हणाल्या. "पुढं पकडतील त्यांच्यासाठी होती. मी नीट पाहिलं नाही. माझ्या वाचण्यात चूक झाली."

"तुझ्या?"

"हो."

त्याची नजर खाली, जाळीच्या कडेला धरलेल्या त्यांच्या लाल शाई लागलेल्या बोटांवर गेली. बाईंनी हात पदराखाली घेतला. पण उशीर झाला होता.

बाजूच्या खुर्चीवर कुणाची तरी बायको मोठमोठ्यानं वकिलाला शिव्या देत होती. पहारेकऱ्यानं पाच मिनिटं राहिल्याचं सांगितलं.

"असू दे," मुलगा म्हणाला. "होते गं आई चूक. माणूस म्हटलं की होतेच."

बाईंनी मान हलवली.

"आणि तो निळा शर्ट बाहेर टांगून ठेवला असशील, तर घडी घालून कपाटात ठेव," तो उठता उठता म्हणाला. "उन्हानं विटेल उगाच."