मी पडलो कुठं, ते कुणी वाचेना

मित्रांनो, दौंडच्या एका भंगारवाल्याच्या पत्र्याखाली अंगावर गंज घेऊन पडलेला मी एक जुना संगणक आहे. माझा प्रोसेसर चारचौघांसारखा नव्हता. तेव्हा त्याचं मोठं कौतुक होतं, पुढं तोच माझ्या मुळावर आला.

रांजणगावच्या एका रंगाच्या कारखान्यात मी सहा वर्षं रंगाची मापं सांभाळली. मल्हारीमामा माझे ऑपरेटर. ते मला लाडानं ‘म्हातारबा’ म्हणायचे. मग कुणीतरी माझ्यात लेबलं छापायचा नवा प्रोग्राम घातला आणि मी काम करता करता कोसळू लागलो.

मित्रांनो, आम्ही पडताना मुकाट पडत नाही. कोणतं काम करत होतो, ते कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, असा सगळा माग मागं ठेवतो. पण तो वाचणारा प्रोग्राम होता नेहमीच्या संगणकांसाठी लिहिलेला. माझा माग त्याच्यातून गेला की कागदावर नुसता कचरा यायचा. मी जीव तोडून सांगत होतो आणि लोक म्हणत, याला भ्रम झालाय!

“राजश्री मॅडम, खंडेनवमीपर्यंत कारण सापडलं तर ठीक,” कारखान्याचे पोपटराव साहेब म्हणाले, “न्हाईतर हे धूड भंगारात.”

राजश्रीताई आमच्या प्रोग्रामर. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात मल्हारीमामांची माया आडवी आली. मी पडलो रे पडलो की ते बटण दाबून मला पुन्हा चालू करत.

“मामा, बटण दाबलं की स्मृतीतला मूळ माग पुसला जातो. पाया पडते, दाबू नका!”

“व्हय ताई, पर लाईन थांबली की साहेब वरडत्यात. आन् ह्याला असं पडल्यालं बघवत न्हाई.”

पुढच्या वेळी मामांनी हात आवरला. ताईंनी माझी सगळी स्मृती कागदावर छापून घेतली आणि एकेक ओळ हातानं लावत बसल्या. खंडेनवमीच्या सकाळी त्या ओरडल्याच, “मामा, बाकीचे संगणक कामं वरून खाली रचतात, हा खालून वर रचतो! आपण उलट्या बाजूनं वाचत होतो!”

सरळ वाचल्यावर मागाच्या टोकाला तोच लेबलांचा प्रोग्राम निघाला. दोष माझा नव्हताच! ताई कागद घेऊन धावत गेल्या.

तोवर पूजा उरकली होती. माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती. साहेबांनी कागद पाहिला, मान हलवली. “बरं झालं सापडलं. नव्या मशीनवर तो प्रोग्राम टाकताना दुरुस्त करा. ह्याचा टेंपो खाली उभा हाय.”

ताई रडल्या. मामांनी माझी वायर काढली, पण माळ काढायचा त्यांना धीर झाला नाही. माळेसकट मला टेंपोत चढवलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी पडलं तर त्याला घाईघाईनं उभं करू नका आणि वेड्यातही काढू नका. आधी कुठं लागलं ते विचारा. त्याचं सांगणं उलटं वाटलं, तर दुसऱ्या टोकाकडून ऐकून बघा. आणि हो, जरा लवकर ऐका. माझं ऐकलं गेलं, तेव्हा खाली टेंपो उभा होता.