सहावा बिल्ला

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे ‘इंजिन’ म्हणत. ती पॅकिंग खात्यात होती. सपाट आलेला पुठ्ठा घडीवर मोडायचा, तळाला चिकटपट्टी मारायची, खोकं पट्ट्यावर ढकलायचं आणि पुढचा पुठ्ठा उचलायचा. नाव मात्र या कामावरून पडलेलं नव्हतं. कारखान्याच्या धावण्याच्या संघात ती ओढणारी होती. ओढणारीनं पुढे राहायचं, वारा अंगावर घ्यायचा, चिखलातली त्यातल्या त्यात बरी वाट शोधायची आणि वेग पडू द्यायचा नाही. जिच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं, ती तिच्या पाठीच्या आडोशाला पळते आणि शेवटच्या टप्प्यात पुढे निघते.

निघता आलं नाही, तरी सोय होती. क्रॉस कंट्रीत अंतिम रेषा ओलांडली की धावपटू दोन दोऱ्यांमधल्या अरुंद बोळात शिरतात. आलेल्या क्रमानं एकीमागे एक चालायचं. बोळाच्या टोकाला पंच प्रत्येकीच्या हातात क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला ठेवतो. चिखलानं छातीवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून रेषेवर नुसती डोकी मोजतात. कोण कितवी आली, ते बिल्ला ठरवतो. खोक्यांच्या संघात रिवाज असा, की ओढणारी पुढे आली असेल तर तिनं बोळात खाली बसून बुटाची नाडी बांधायला घ्यायची. मागची तिला वळसा घालून पुढे जाते. दोघी एकाच संघाच्या, त्यामुळे संघाचे गुण तेवढेच राहतात आणि इतर संघांच्या पोटात दुखायचं कारण उरत नाही.

निवड शर्यतीची गोष्ट वेगळी. तिथून पहिल्या सहाजणी राष्ट्रीय शर्यतीला जातात. मागच्या वर्षी इंजिन सहावी आली होती. नाडी बांधून उठली तेव्हा तिच्या हातात सातवा बिल्ला पडला. सहावा घेऊन तिच्या आडोशाला पळणारी छोटी गेली, निवड संघाचा निळा कोट घालून परत आली आणि जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांना दाखवला. इंजिननंही पाहिला. बाहीचं अस्तर हाताला गार लागलं, एवढं तिच्या लक्षात राहिलं.

यंदाच्या शर्यतीच्या सकाळी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बूट घालत होती. तिचा नवरा नळ दुरुस्तीची कामं करायचा. तो आपल्या पकडीनं तिच्या दुसऱ्या बुटाच्या तळाचे खिळे आवळत होता.

“गाडी तू ओढायची आणि खिडकीतून हात तिनं हलवायचा,” तो म्हणाला. “चांगला धंदा आहे.”

“आवळा नीट. बोलू नका.”

“आवळले. आता हे काय?”

ती नाडीला दुहेरी गाठ मारून तिच्यावर कारखान्यातली खाकी चिकटपट्टी गुंडाळत होती. एक वेढा, दुसरा, तिसरा. पट्टी दातानं तोडून तिनं बुटावर थापटली.

“सुटणार नाही आता,” तो म्हणाला.

“सुटायलाच नकोय.”

मैदानावर साहेबांचं लक्ष आधी त्या पट्टीकडेच गेलं. साहेब म्हणजे कारखान्याचे क्रीडा अधिकारी. सरावासाठी दोन तास लवकर सोडायचं की नाही, कुणाला सकाळची पाळी द्यायची, हे त्यांच्या सहीवर चाले.

“हा काय अवतार?”

“नाडी सुटते, साहेब. गेल्या वर्षी सुटली होती.”

साहेब हसले नाहीत. तिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, “हे बघ, छोटी एकोणीस वर्षांची आहे. तिला अजून दहा वर्षं पळायचंय. तू चौतिशीची. एकदा जाऊन येशील, फोटो काढशील, पुढे काय?”

“पुढे फोटो भिंतीला लावीन.”

“मस्करी नको. नेहमीसारखंच करायचंय. कळलं ना?”

“मी ओढते, साहेब. जोरात ओढते.”

छोटी थोड्या अंतरावर पाय मोकळे करत होती. इंजिन तिच्यापाशी गेली. “ए, ऐक. आज मी बोळात थांबणार नाही. तुला सहा नंबर हवा असेल तर रेषेच्या अलीकडेच माझ्या पुढे जा.”

“ताई, साहेबांनी सांगितलंय...”

“ते साहेबांनी सांगितलं. मी हे सांगते. मागाहून म्हणू नकोस, ताईनं फसवलं.”

छोटीचा चेहरा पडला. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि केस बांधून घेतले.

शर्यत तीन फेऱ्यांची होती. माळ, मग ओढ्याचा उतार, गुडघाभर गाळ, पलीकडे चढण आणि परत माळ. सुरुवातीलाच पाचजणींचा घोळका पुढे निघाला. त्यांना गाठणं शक्य नव्हतं आणि इंजिननं तसा प्रयत्नही केला नाही. तिनं सहावी जागा धरली. पहिल्या फेरीत गाळातून जाताना ती कडेच्या गवताच्या बुंध्यांवर पाय देत गेली. मागे छोटीही त्याच बुंध्यांवरून आली. दुसऱ्या फेरीत वारा समोरून होता. इंजिन वाकून पळत राहिली आणि मागचा श्वास ऐकत राहिली. तो तिच्या ओळखीचा होता. छोटीचा दम तुटायला लागला की ती तोंडानं ‘हुप्’ असा आवाज काढते. एरवी तो ऐकला की इंजिन वेग जरा कमी करायची.

तिसऱ्या चढणीवर तो आवाज आला. इंजिननं वेग कमी केला नाही.

तरी छोटी सुटली नाही. पोरीत दम होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतंच. चढण संपताच तिनं उजवीकडून मुसंडी मारली. इंजिननं पाऊल लांबवलं. छोटी मागे पडली, पुन्हा आली, खांद्याला खांदा लागला. माळावर प्रेक्षकांच्या दोऱ्या सुरू झाल्या. साहेब ओरडत होते, “सोड! इंजिन, आता सोड तिला!” तिला ते स्वच्छ ऐकू आलं. तिच्या मांड्या थरथरत होत्या, जिभेवर लोखंडाची चव होती. छोटी तिसऱ्यांदा बरोबरीला आली तेव्हा इंजिननं रेषेकडे पाहणंही सोडून दिलं आणि फक्त हात हलवत राहिली. हातांमागे पाय जातात, एवढाच तिचा हिशेब होता.

रेषा ओलांडली तेव्हा ती पुढे होती. हातभरानं, पण पुढे. बोळात ती आधी शिरली, छोटी तिच्या पाठोपाठ.

दोरीच्या बाहेरून साहेब बरोबर चालत होते. “नाडी,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

इंजिननं बुटाकडे पाहिलं. पट्टी चिखलानं काळी झाली होती, पण जागची हलली नव्हती. “बांधलेली आहे, साहेब.”

बिल्ले देणारे काका दरवर्षीचेच होते. त्यांना रिवाज माहीत होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, इंजिनच्या खांद्यावरून हात लांब केला आणि सहावा बिल्ला छोटीच्या मुठीत ठेवला. मग सातवा इंजिनपुढे धरला.

तिनं तो घेतला नाही. बोळाच्या टोकाशी दोन्ही पाय रोवून ती उभी राहिली.

“घे गं, पुढे सरक,” काका म्हणाले. “मागे गर्दी होतेय.”

“होऊ दे.”

“अगं, हा सात घे.”

“सातवी ती आहे. मी सहावी. माझा द्या, मी निघते.”

बोळ इतका अरुंद होता की तिला ओलांडून कुणाला जाता येईना आणि दोरीखालून बाहेर पडणारीचा क्रम गेला असं धरलं जाई. आठवी आली, नववी आली, रांग वाढत गेली. आठवी एका बँकेच्या संघातली होती. ती गुडघ्यांवर हात टेकून म्हणाली, “बाई, मिटवा लवकर. मला उलटी होणार आहे आणि पुढे तुमचीच छोटी आहे.”

“अहो, मला सोडा ना मग पुढे!” छोटी घाईनं म्हणाली. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

“तू माज करतेयस,” साहेब म्हणाले. “सोमवारी कामावर यायचंय तुला, विसरू नकोस.”

“येते ना. आठच्या ठोक्याला येते. आत्ता सहावा बिल्ला द्यायला सांगा.”

रांग मागे सरकत अंतिम रेषेला टेकायला आली. ती रेषेपलीकडे गेली असती, तर मागून येणाऱ्या सगळ्यांच्या क्रमाचा खिचडा झाला असता. तेव्हा गळ्यात शिट्टी अडकवलेल्या मुख्य पंचबाई धावत आल्या.

“काय चाललंय? कोण अडवतंय?”

“मी,” इंजिन म्हणाली.

“काही नाही, मॅडम,” साहेब पुढे झाले. “दोघी आमच्याच. आमचा आतला मामला आहे.”

“आतला मामला दोरीच्या बाहेर, साहेब,” इंजिन म्हणाली. “दोरीच्या आत नुसता क्रम.”

पंचबाईंनी काकांकडे पाहिलं. काका बिल्ले ओवलेली तार निरखू लागले. मग बाई छोटीकडे वळल्या. “बिल्ला तुझ्या हातात आहे. रेषेवर तू हिच्या पुढे होतीस का?”

छोटीनं मूठ आवळली. साहेबांकडे पाहिलं, इंजिनच्या पाठीकडे पाहिलं. इंजिन वळली नाही. छोटीच्या डोळ्यांत पाणी भरलं, नाक लाल झालं आणि ती एकदम फुटली.

“कशी असणार पुढे? जाऊ देईल तर ना ही! तीनदा गेले मी अंगावर, तीनदा! चढणीपासून जीव तोडून पळतेय, पण ही काही जाऊ देईना! असं कुणी करतं का?”

मग बँकेची आठवी वाकल्या वाकल्या हसायला लागली आणि हसू रांगभर मागे गेलं. छोटीला आपण काय बोलून बसलो ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिनं बिल्ला स्वतःच पुढे केला, कुणाच्याही तोंडाकडे न बघता. पंचबाईंनी तो घेऊन इंजिनच्या हातावर ठेवला.

“आता चाला,” त्या म्हणाल्या.

इंजिन चालू लागली. दोरीपलीकडे तिचा नवरा पाण्याची बाटली घेऊन उभा होता. “दाखव,” तो म्हणाला. तिनं मूठ उघडली. पत्रा कडेला जरा वाकलेला होता. त्यानं खिशातून पकड काढून तो सरळ करून दिला.

सोमवारी साहेबांनी शब्द पाळला. इंजिनची सकाळची पाळी गेली, दोन तासांची सवलत गेली. सरावाच्या मैदानाच्या फाटकावरच्या रखवालदारानं मान खाली घालून सांगितलं, “ताई, तुम्हाला आत सोडायचं नाही म्हणून हुकूम आहे.” ती म्हणाली, “मग नका सोडू.” निवड साहेबांच्या हातात नव्हती. तिला काढणं त्यांच्या सहीत बसत नव्हतं.

ती कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावर पळू लागली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मालाच्या गाड्या. आठवडा संपता संपता एका सकाळी मागून पावलं ऐकू आली. तिनं वळून पाहिलं नाही. श्वास ओळखीचा होता.

“साहेबांना कळलं तर?” इंजिननं पळता पळता विचारलं.

छोटी फुरंगटलेलीच होती. उत्तर न देता तिनं उजवीकडून वेग घेतला आणि बरोबरीला आली.

इंजिननं पाऊल लांबवलं.

“ताई!” छोटी ओरडली. “आज तर शर्यत नाहीये!”

“मग ये की पुढे,” इंजिन म्हणाली आणि वळणापर्यंत तिला येऊ दिलं नाही.